अर्धा क्षण मागं

पाटी बदलली होती, एवढंच झालं. नगर रोडच्या सिग्नलला डाव्या हाताला साईनाथ मेडिकल होतं, ते उठलं आणि तिथं कृषी केंद्र आलं. नव्या मालकानं रंगसुद्धा बदलला नाही. तोच हिरवा, तीच पांढरी अक्षरं, फक्त मेडिकलच्या फुलीच्या जागी एक पान. मी रोजच्यासारखा पाय टेकवून स्कूटी उभी केली. मागं अहिल्या, तिच्या पाठीवर दप्तर, तिचे हात माझ्या कमरेला. बजाजनगरातून निघालं की शाळा येईपर्यंत माझी लेक मला पाट्या वाचून दाखवते. आत्ताशी पहिलीला गेलेली पोर, पण पिठाची गिरणी म्हणू नका, टायर रिमोल्ड म्हणू नका, एक पाटी सोडत नाही. मी हे माहेरी सांगितलेलं, शेजारी सांगितलेलं, माझा नवरा राम सेकंड शिफ्टहून आला की त्याला रोज नवीन पाटीचं नाव सांगितलेलं. त्या दिवशीही ती खणखणीत आवाजात म्हणाली, "साईनाथ मेडिकल." मी मान वळवली. भरभराट कृषी केंद्र. मी म्हणाले, नीट बघून सांग. ती जरा थांबली आणि मग जास्त मोठ्यानं, मला कमी ऐकू येतं अशा समजुतीनं, पुन्हा म्हणाली, साईनाथ मेडिकल. सिग्नल सुटला. मी गाडी पुढं घेतली.

तिला फाटकात सोडून परत येताना मी सगळ्या पाट्या न वाचता बघायचा प्रयत्न केला. ते होत नाही. एकदा वाचता यायला लागलं की डोळ्याच्या हातात काही राहत नाही, अक्षर दिसायच्या आत त्याचा आवाज डोक्यात वाजून मोकळा होतो. शेवटी डोळे बारीक केले, तेव्हा कुठं नुसते रंग उरले. पिवळ्यावर लाल म्हणजे वडापाव. काळ्यावर पांढरं चाक म्हणजे टायरवाला. गुलाबी म्हणजे ब्यूटी पार्लर. हिला हेच दिसत होतं, आणि नावं तरी मीच कधीतरी एकेकदा सांगितलेली. पुढं एका गोदामाच्या दारात निळे ड्रम रचून ठेवले होते. ते दिसले आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली.

गोकुळ माझा थोरला भाऊ. आम्ही मेंढरामागची माणसं. दिवाळी झाली की आमचे अण्णा, मुंजाबा, कळप घेऊन निघायचे ते मिरगापर्यंत गावोगावच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत फिरायचे, आणि गोकुळ त्यांच्याबरोबर. मला बिडकीनला मावशीकडं ठेवलं, म्हणून मी शिकले, पार बी.ए. झाले. गोकुळ ज्या गावाला वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, पडेल तिथल्या शाळेत जाऊन बसायचा. पावसाळ्यात मात्र आम्ही एकाच शाळेत असायचो, एकाच खोलीत चार वर्ग. गुरुजी फळ्यावर छडी टेकवायचे आणि पोरं एका सुरात ओरडायची. गोकुळ फळ्याकडं बघतच नसे. तो शेजारच्या पोराच्या तोंडाकडं बघायचा, आणि अर्धा क्षण मागं तोच शब्द त्याच्या तोंडातून निघायचा. इतका लगोलग की सगळ्यांच्या आवाजात मिसळून जावा. गुरुजींना कधी कळलं नाही. मला कळायचं, कारण सगळ्या मेंढरांच्या गलक्यातूनही मला त्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा. कविता तर त्याच्या सगळ्यांच्या आधी पाठ व्हायच्या. हुशार पोरगं आहे, असं अण्णांना प्रत्येक गावचे गुरुजी सांगायचे. तेच हुशार पोरगं मोठं झाल्यावर वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटावर लागलं, सुटे भाग धुवायच्या खात्यात. पांढऱ्या ड्रमात ॲसिड, निळ्यात साबणाचं पाणी. बरेच महिने सगळं नीट चाललं. मग कधीतरी माल दुसरीकडून आला आणि ॲसिड निळ्या ड्रमात आलं. ड्रमावर तळहाताएवढ्या अक्षरात मराठीतच लिहिलं होतं. गोकुळनं उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. दवाखान्यात त्याच्या साहेबानं विचारलं, एवढं मोठं लिहिलेलं दिसलं नाही का रे. मी खाटेपाशीच उभी होते. गोकुळ म्हणाला, "दिसलं की साहेब. निळा व्हता ना."

तर पाटीच्या त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे दोन रंग एकमेकांत कालवले जाऊ लागले, तो हिरवा आणि तो निळा. त्या आठवड्यात मी शाळेत जाऊन रूपाली मॅडमना भेटले. तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाल्या, अहो अहिल्याची मम्मी, ती गोष्टी किती छान सांगते, घाई नका करू. मग जरा थांबून म्हणाल्या की तिला शब्दातले आवाज सुटे करता येत नाहीत अजून. माकड म्हण, आता त्यातला मा काढून टाक, काय उरलं, असं विचारलं तर ती म्हणते, शेपूट. मॅडम हसल्या. मीही हसले. घरी येऊन मोबाईलवर त्याबद्दल सापडेल ते वाचत बसले. मूल आधी कानानं वाचतं, शब्द हा तुकड्यांचा असतो हे त्याला ऐकू यावं लागतं, ते तुकडे ज्याला ऐकू येत नाहीत त्याच्यासाठी अक्षर म्हणजे नुसतं चित्र. हे वाचल्यावर मला कॉलेजातला एक तास आठवला. सर म्हणाले होते, क् एकटा म्हणून बघा. आम्ही सगळ्या मुली क् क् करत बसलो आणि प्रत्येकीच्या क् मागून अ गुपचूप येत होता, कितीही दाबला तरी. तेव्हा फार हसलो होतो. आता स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी तेच करून बघितलं आणि अ तसाच मागून आला. बोलणं किती सोपं वाटतं, आणि त्याच्या आत हे असले न दिसणारे सांधे. एक सांधा निखळला तर बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही. माणूस कविता म्हणतं, पाट्या वाचतं, नोकरीला लागतं.

मी खेळ सुरू केले. खेळ मी म्हणायची. पोळी लाटताना विचारायचं, पोळीत पहिला आवाज कुठला. आंघोळ घालताना, साबण म्हणजे काय काय गं, सा, ब, आणि. वेणी घालताना, रिबीन. ती उत्तरं द्यायची आणि पुष्कळदा बरोबर द्यायची, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची. पुतळाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यापाशी लसूण सोलत हे सगळं ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "घास तरी गिळू दे तिला. का घासाचा बी पैला आवाज इचारतीस." राम ताटावरून हसला आणि म्हणाला, मी तर चौथीपर्यंत नुसता माना हलवायचो, माझं काय वाईट झालं. सासूबाई म्हणाल्या, अजून बी हलिवतोसच की बायकोपुढं. सगळे हसले, अहिल्यासुद्धा. पण हसताना ती माझ्याकडं बघत होती, आणि मी हसायची थांबले त्याच्या अर्ध्या क्षणानंतर ती थांबली.

तो अर्धा क्षण मला बोचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिठलं हालवताना ठसका लागला म्हणून मी ओढणी नाकातोंडावर बांधली होती. तशीच तिला विचारत होते, चमचा, च, पुढं काय. ती गप्प. कपाळाला आठ्या. मी पुन्हा म्हणाले. ती माझ्याजवळ आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं बोटानं माझी ओढणी खाली ओढली. ओठ उघडे करून घेतले आणि त्यांच्याकडं बघत बसली. कढईत पिठल्याला बुडबुडे येत होते. मग मी मुद्दाम, आवाज न करता, ओठ मिटून म ची खूण केली, आणि ती लगेच म्हणाली, "म." मी ओठ फाकवले. ती म्हणाली, "चा." तिचा चेहरा किती खूश होता. तो चेहरा बघून मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवरच बसले. इतके दिवस माझी पोर मला वाचत होती. माझ्या ओठांच्या कडा, माझ्या भुवया, मी श्वास धरला की सोडला. चुकीचं उत्तर यायला लागलं की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी होत असणार, ते बघून ती उत्तर बदलत होती. खेळामागून खेळ मी तिला हेच शिकवत होते, आणि ती ते मन लावून शिकली होती.

त्यानंतर मला घरात दुसरं काही दिसेना. टीव्हीसमोर बसली की ती बायकांच्या तोंडाकडं बघते. सासूबाई बोलताना त्यांच्या दात पडलेल्या जागेकडं बघते. मी रामला न सांगता तिला शहरात कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं काचेच्या बंद खोलीत तिला हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. तिनं पहिल्यांदा माझ्याकडंच पाहिलं, दाबू का म्हणून, तेव्हा तिथल्या बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. बाहेरच्या बाकड्यावर मी मनात नवस बोलत होते आणि तो नवस मला धड उच्चारता येत नव्हता, कारण मागायचं काय हेच कळत नव्हतं. कानात दोष निघाला तर त्याला यंत्र तरी आहे. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, पिन पडली तरी ऐकेल. मी आभार मानले. जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं. म्हणजे दोष असलाच तर तो कानाच्या आत, आणखी आत, जिथं कुणाचं यंत्र पोचत नाही आणि जिथं गोकुळचाही होता. मामाच्या वळणावर गेली, असं आमच्यात कौतुकानं म्हणतात. नाक मामाचं, चाल मामाची. कधीही कुणीही हे वाक्य माझ्यासमोर बोलेल अशी मला धास्ती वाटू लागली.

आणि रविवारी तर तिला मामाकडंच न्यायचं होतं. राम म्हणाला, अण्णांनी चार वेळा फोन केला, बरं दिसत नाही. हात भाजल्यापासून गोकुळ पुन्हा अण्णांबरोबर मेंढरामागं असतो. बिडकीनच्या अलीकडं कंपन्यांसाठी जमीन घेतली, तिथं आता रुंद रस्ते आहेत, दोन्ही बाजूंनी दिव्यांचे खांब आहेत, चौकाचौकात हिरव्या पाट्या आहेत, पण पुष्कळ प्लॉट अजून रिकामे. तिथलं गवत मेंढरं खातात. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि कळप परत येत होता. मेंढ्या चरायला जातात तेव्हा लहान कोकरं मागं ठेवतात, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात. संध्याकाळी आया लांबूनच ओरडत येतात, आतून कोकरं ओरडतात, आणि जाळी उचलली की जो कल्लोळ होतो त्यात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. सगळी कोकरं सारखीच पांढरी, सगळ्या मेंढ्या सारख्याच धुळीच्या रंगाच्या. तरी प्रत्येक कोकरू त्या गलक्यातून आपला एकच आवाज उचलतं आणि त्याच्यामागं जातं. लहानपणी मला याची फार भीती वाटायची. एखादं कोकरू मधोमध उभं राहिलं की माझा जीव वर यायचा, मी धावत जाऊन त्याला उचलायची आणि त्याच्या आईच्या कासेला नेऊन लावायची. दुसऱ्या संध्याकाळी ते कोकरू पुन्हा मधोमध उभं, तोंड माझ्याकडं करून.

जाळी उचलली, कल्लोळ झाला आणि हळूहळू निवला. अण्णा आणि राम चहाला बसले. मी अहिल्याला शोधायला लागले तर ती पलीकडं, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, गोकुळबरोबर बसली होती. पाठीला पाठ लावून. आम्ही तसेच बसायचो, गोकुळ आणि मी. मेंढरं दोन्ही अंगांना पांगलेली असली की राखणारे दोघं पाठीला पाठ लावून बसतात, एकानं इकडची बाजू बघायची, दुसऱ्यानं तिकडची. तोंडं विरुद्ध दिशांना, त्यामुळं बोलायचं ते न बघता. मला एकदम ते अंगात आठवलं, त्याच्या पाठीतून माझ्या पाठीत शिरणारा त्याचा आवाज, शब्द कळायच्या आधी मणक्याला कळणारा. मी जवळ गेले. तो मेंढ्यांची नावं सांगत होता आणि प्रत्येक तुकड्याला भाजलेला हात दगडावर मारत होता. का, ळ, तों, डी. लां, ब, का, नी. मागं अहिल्या, डोळे मिटलेले, आपल्या चिमुकल्या हातानं दगडावर तेच करत होती. तो थांबायचा आणि ती म्हणायची. अर्धा क्षण मागं. तोच अर्धा क्षण. त्याचा तो गुळगुळीत, गुलाबी, ताणलेल्या कातड्याचा हात वर जात होता, खाली येत होता, आणि मला वाटलं की हे असंच जातं, आईच्या दुधातून नाही, रक्तातून नाही, असं पाठीतून पाठीत, सगळ्यांच्या देखत, खेळता खेळता.

मी तिचा दंड धरून तिला उठवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात धरला असणार, कारण ती दचकून रडायच्या बेतात आली. गोकुळ वळला. मी म्हणाले, उशीर झाला, उद्या शाळा आहे. तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. मला वाटतं, मी न बोललेलं त्यानं तिथूनच वाचलं. लहानपणापासून त्याला तेवढं वाचता येतं. त्यानं उजवा हात हळूच सदऱ्याच्या आत घेतला आणि मला लहानपणीची हाक मारून म्हणाला, "आंबे, माझ्यासारखं नाय व्हायचं लेकरू. तू भिऊ नको. तू भ्यालीस की ते तुझ्याकडंच बघत ऱ्हातं."

मी अहिल्याचा हात धरून स्कूटीकडं निघाले. अण्णांनी चहा घेऊन जा म्हटलं, तो घेतला नाही. परतीच्या वाटेवर राम एकदा विचारू बघत होता, काय झालं, मग त्यानं नजर रस्त्यावर ठेवली. ते रिकामे रस्ते, दिवे नुकतेच लागलेले, खाली कुणी नाही. चौकातल्या पाट्यांवर मोठमोठी अक्षरं, वाचायला एक माणूस नाही. अहिल्या आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्याकडं तोंड करून बसली होती. तिचं कपाळ माझ्या छातीशी. ती एकही पाटी बोलली नाही. रात्री सासूबाईंनी तिला जवळ घेऊन निजवलं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं तिला म्हणाल्या, तुझ्या मायला लहानपणी कुणीतरी भ्या घातलंय बाई, आपण न्हाई बोलायचं.

सकाळी मी तिला काही विचारलं नाही. दुधाचा पहिला आवाज नाही, वेणीचा नाही. विचारायला तोंड उघडलं की ती तोंडाकडं बघणार, या धाकानं मी तिच्याकडं पाठ करूनच डबा भरला. हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. बजाजनगरातून निघालो. गिरणी गेली, ती बोलली नाही. वडापाव गेला. टायरवाला गेला. मला एवढंच कळत होतं की मागं ओझं आहे आणि ते गप्प आहे. मी आरसा जरा आत वळवला असता तर तिचा चेहरा दिसला असता. मी वळवला नाही. कंपन्यांच्या बस शेजारून जात होत्या, त्यांच्या खिडक्यांत डुलक्या घेणारी माणसं, आणि प्रत्येकात मला एक गोकुळ दिसत होता, हात धड असलेला.

सिग्नलला लाल लागला. मी पाय टेकवला. डाव्या हाताला तो हिरवा रंग आहे हे मला न बघता कळत होतं, उन्हाची तिरीप जाणवावी तसं. मी समोरच्या ट्रकच्या फाळक्याकडं नजर लावून बसले. आणि मग तिनं कमरेवरचा एक हात काढला. दप्तराचा बंद सारखा करत असेल असं वाटलं. पण तिनं गाल माझ्या पाठीला टेकवला, आणि दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं आपला हात पोचत नाही तिथं, तिचा तळवा पडला. "भ," ती म्हणाली. हे मी कानानं ऐकलं का पाठीनं, मला सांगता येणार नाही. रस्त्यावर एवढा गोंगाट होता. पुन्हा तळवा. "र." माझ्या मानेवर घाम आला. हे पाठ केलेलं नव्हतं. हा शब्द मी तिला कधी सांगितला नव्हता. घरात तो कुणी बोलत नाही. किंवा सांगितला होता का, त्या पहिल्या दिवशी, माझ्या तोंडून निसटला होता का, मी मनातच वाचला होता ना. मी आठवू लागले आणि आठवेना. "भ." मध्ये बराच वेळ गेला. ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून थुंकला. मला मागं वळून तिच्याकडं बघायचं होतं, हो म्हणायचं होतं, नुसती मान हलवायची होती. मान हलली तरी तिला पाठीतून कळलं असतं. मी श्वाससुद्धा सारखाच ठेवला. "रा," ती म्हणाली, आणि तिचा तळवा तिथंच राहिला.

सिग्नल हिरवा झाला. ट्रक धूर सोडून पुढं गेला. मागून पहिला हॉर्न वाजला, मग रिक्षावाल्याचा, मग बसचा, आणि कुणीतरी ओरडलं, ओ मॅडम, चलो ना, क्या सोचरे. शेजारून गाड्या सुटत होत्या. एकाच्या आरशाचा धक्का माझ्या कोपराला लागला. माझी जीभ आपोआप वर गेली होती, टाळूला भिडली होती, ट तिथं तयार होता, नुसती जीभ सुटायचा अवकाश. मी ती तशीच दाबून धरली. पाठीवरचा तळवा उचलला गेला. मी पाय जमिनीवर आणखी घट्ट रोवला.